तिसऱ्या मजल्यावरचे आईबाबा

सकाळी सात ते आठच्या दरम्यान बोरिवली स्टेशनच्या पुलावर दोन गर्द्या एकमेकींना छेदून जातात. एक चर्चगेटची जलद गाडी गाठायला धावत असते. दुसरी विरार-नालासोपाऱ्याकडून येऊन इथे उतरते. या दुसऱ्या गर्दीत बायका पुष्कळ. खांद्याला रेक्झिनची पिशवी, तीत डबा, पाण्याची बाटली, कामावर घालायचा गाऊन, मोबाइलचा चार्जर. आठ वाजता त्यांना वझिरा नाका, चिकूवाडी, आय. सी. कॉलनीतल्या कुठल्या तरी घराची बेल वाजवायची असते, कारण त्या घरात रात्रपाळीची बाई चपला घालून निघायच्या तयारीत असते. मुलुंडला आणि घाटकोपरला हेच दिसतं, फक्त तिथल्या बायका दिवा, कळवा, टिटवाळ्याहून आलेल्या असतात.

दारातच पाळी बदलते. "आजी दोनदा उठल्या. चारला डायपर बदललाय. सकाळची साखर दोनशे दहा, इंजेक्शन दिलं. पोट साफ नाही झालेलं, पपई द्या. डाव्या टाचेला लाल झालंय, तेवढं बघा." एवढं सांगून ती जिना उतरते. सोफ्यावर बसलेले ऐंशीच्या घरातले आजोबा हे वहीत टिपून घेतात आणि मग चष्मा सावरत तोच मजकूर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. न्यू जर्सीत तेव्हा आदल्या रात्रीचे साडेनऊ-साडेदहा वाजलेले असतात. मुलगा टाचेचा फोटो मागवतो, ओळखीच्या डॉक्टरला पाठवतो. पुण्यातली मुलगी एअर बेडची ऑर्डर टाकते, संध्याकाळपर्यंत गादी दारात येते. यात कुणीही हयगय केलेली नाही. पण टाचेखाली उशी सरकवायची, दर दोन तासांनी आजींची कूस बदलायची, पाठ पुसून कोरडी ठेवायची, हे ज्या हातांनी होणार आहे ते हात त्या कुटुंबातले नाहीत.

उपनगरांतल्या हजारो घरांत वृद्धसेवा आता अशीच चालते. पैसा लांबून येतो, निर्णय लांबून येतो, काळजीही अगदी खरी आणि लांबूनच येते. हात मात्र जवळचेच लागतात. मुलं दूर गेल्याची चर्चा आपण पन्नास वर्षं करतो आहोत. हातांची चर्चा जवळजवळ नाहीच.

ऑगस्ट 2017 मध्ये अंधेरी पश्चिमेच्या ओशिवरा भागातली एक बातमी देशभर गाजली. अमेरिकेत नोकरी करणारा मुलगा आईला भेटायला आला, दार उघडेना म्हणून कुलूपवाल्याला बोलावलं, आणि दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्याला आईचा सांगाडा सापडला. बाई 63 वर्षांच्या होत्या. मुलाचं त्यांच्याशी शेवटचं बोलणं एप्रिल 2016 मध्ये झालं होतं. एकटेपणा सहन होत नाही, वृद्धाश्रमात जावंसं वाटतं, असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या, असं बातम्यांत आलं. त्यानंतरचे कित्येक आठवडे मुलाला दूषणं देण्यात गेले. सव्वा वर्ष आईशी न बोलता राहणं समजण्यापलीकडचं आहे, त्यावर वाद नाही. पण मला त्या बातमीतला दुसरा भाग अजून अस्वस्थ करतो. ती इमारत निर्जन नव्हती. लिफ्ट रोज वर-खाली जात होती. सुरक्षारक्षक होते, सोसायटी होती, वीज कंपनी होती. एवढ्या सगळ्या यंत्रणांपैकी एकीचंही काम 'ही बाई दिसली नाही' हे लक्षात घेण्याचं नव्हतं. दूरच्या मुलाने जे केलं नाही त्याचा हिशेब झाला. जवळच्या कुणीच का केलं नाही, हा हिशेब तसाच राहिला.

आपल्याकडे एक समजूत पक्की आहे की पूर्वी मुलं आईवडिलांजवळ राहत आणि आता सोडून जातात. मुंबईतल्या मराठी माणसाने तरी हे म्हणू नये. मुलुंड-बोरिवलीच्या सोसायट्यांत आज जे आजोबा एकटे बसले आहेत, त्यांतले कितीतरी स्वतःच कधीतरी रत्नागिरी, सातारा, सिंधुदुर्गातून आईवडिलांना मागे ठेवून आले. कोकणाचं अर्थकारण मनीऑर्डरवर चालतं असं म्हटलं जायचं. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला यायचा, आठ दिवस राहायचा आणि परत गिरणीत, गोदीत, कचेरीत हजर व्हायचा. म्हातारी आई पाटावर बसून पोस्टमनची वाट बघायची. म्हणजे मुलगा लांब असणं नवीन नाही. तेव्हा कुणीतरी मागे राहत असे, एवढाच काय तो फरक.

मागे राहायची ती सून. नवरा मुंबईत, ती गावात. सासूच्या अंगाला तेल लावणं, सासऱ्यांचा खोकल्याचा काढा, शेवटी शेवटी अंथरुणातलं सगळं, हे तिने केलं आणि त्याला काम म्हणून कुणी कधी नाव दिलं नाही. 2011च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1,122 बायका होत्या. राज्यात आणि देशात बायकांचं प्रमाण पुरुषांहून कमी असताना इथे उलटं. कारण पुरुष बाहेर होते. त्या आकड्यात त्या सगळ्या मागे राहिलेल्या सुना आहेत. 'एकत्र कुटुंब म्हाताऱ्यांना सांभाळायचं' असं आपण म्हणतो तेव्हा ते कुटुंब म्हणजे बहुतेक वेळा एक बाई असायची.

ही बाई आता मागे राहत नाही, आणि तिने राहावं अशी अपेक्षा धरायचा अधिकार कुणालाही नाही. ती शिकली, तिची नोकरी आहे, तिचे स्वतःचे आईवडील डोंबिवलीत किंवा नाशिकला म्हातारे होत आहेत. तिने मोकळी केलेली जागा मात्र तशीच मोकळी आहे. मुलगे त्या जागेवर आले नाहीत. सरकार आलं नाही. शेजार आला नाही. आली ती बारा तासांच्या पाळीवरची मावशी.

ही उपनगरं वसली कशी ते आठवलं तर आजचा पेच जास्त उलगडतो. बोरिवली, मुलुंड हे भाग 1957 मध्ये बृहन्मुंबईत आले. सत्तर-ऐंशीच्या दशकांत इथे सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या: एलआयसीतले, बँकेतले, बेस्टमधले, मंत्रालयातले लोक एकत्र येऊन प्लॉट घेत, कर्ज काढत, गिरगाव-परळच्या दहा बाय बाराच्या खोलीतून वन बीएचकेत येत. तळमजला अधिक तीन किंवा चार मजले, लिफ्ट नाही. तीस वर्षांच्या तरुण जोडप्याला तिसरा मजला चांगलाच वाटायचा, वारा यायचा, डास कमी. 1990 मध्ये मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. 2001 ते 2011 या दहा वर्षांत शहर जिल्ह्याची लोकसंख्या 33 लाखांवरून 31 लाखांखाली आली आणि उपनगरांची 86 लाखांवरून 93 लाखांच्या पुढे गेली. शहरातून माणसं इथे सरकत राहिली. आणि इथली मुलं आणखी पुढे.

पुढे म्हणजे कुठे, हा प्रश्न नीट विचारायला हवा. चर्चेत नेहमी अमेरिका असते. नव्वदच्या दशकात वायटूकेच्या लाटेत गेलेली मुलं आज पन्नाशीत आहेत, हे खरं. पण मुलुंड किंवा अंधेरीतल्या बहुसंख्य घरांतला मुलगा अमेरिकेत गेलेला नसतो. तो हिंजवडीला असतो, बंगळुरूला असतो, आणि त्याहून जास्त वेळा तो बदलापूर, विरार, घोडबंदर रोड किंवा पनवेलच्या पुढे असतो. आईबाबांच्या वन बीएचकेत त्याचं लग्नानंतर भागलं नाही आणि त्याच उपनगरात दुसरं घर घेणं त्याच्या पगारात बसलं नाही. तो साडेसहाला घर सोडतो, रात्री नऊला परततो. त्याच्या आणि आईच्या मध्ये गाडीचा सव्वा तास आहे, आणि तो सव्वा तास ओलांडायला आठवड्यात एकच दिवस आहे. परदेशातल्या मुलाला सगळे माफ करतात, कारण तो येऊच शकत नाही. बदलापूरच्या मुलाला मात्र सगळ्यांना उत्तरं द्यावी लागतात. "एवढं जवळ राहतोस आणि..." हे वाक्य त्याने नातेवाइकांकडून इतक्यांदा ऐकलेलं असतं की समारंभाला जाणंच तो टाळतो. त्याच्या बाजूने कुणी बोलत नाही, म्हणून इथे बोलतो आहे: त्याला मुंबईने ढकललं. घरांच्या किमतींनी एका पिढीचे आईबाप आणि मुलं वेगळ्या स्टेशनांवर नेऊन ठेवली.

आकड्यांकडेही एकदा पाहू. गोवंडीजवळ देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये 45 वर्षांवरील 72 हजारांहून अधिक माणसांची देशव्यापी पाहणी केली. तीत साठीपुढच्यांपैकी सुमारे सहा टक्के एकटे राहत होते आणि सुमारे वीस टक्के फक्त जोडीदारासोबत. म्हणजे अजूनही बहुतेक म्हातारी माणसं कुणा ना कुणा मुलाबाळांबरोबर आहेत. 'सगळेच सोडून गेले' असा गळा काढण्याचं कारण नाही. पण त्या वीस टक्क्यांतली जोडपी कायम जोडपी राहणार नाहीत. त्यांतलं एक आधी जाईल, आणि बायका नवऱ्याहून वयाने लहान आणि आयुष्याने दीर्घ असल्यामुळे बहुधा ती मागे उरेल. याच संस्थेने संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीसोबत काढलेल्या 2023च्या अहवालानुसार 2050 पर्यंत देशातला दर पाचवा माणूस साठीपुढचा असेल. आज चाळिशीत असलेला वाचक त्यातलाच एक.

आता तिसऱ्या मजल्याकडे परत येऊ. लिफ्ट नसलेल्या या इमारतींत गुडघ्यांच्या दुखण्याने जे केलं आहे ते एखाद्या बंदिवासाहून वेगळं नाही. आधी भाजी आणणं बंद होतं, मग बँक, मग कट्टा. वर्तमानपत्र, दूध, औषधं, रक्त तपासायला येणारा मुलगा, गॅसचं सिलिंडर, सगळं वर येतं. माणूस खाली जात नाही. मुलुंडच्या एका सोसायटीत एक काकू सांगत होत्या, "खाली उतरायचं म्हणजे चौघं लागतात. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवतात आणि उचलतात. शरम वाटते हो. म्हणून मी डॉक्टरकडे जायचंच टाळते." खुर्ची उचलणारे चौघे म्हणजे वॉचमन, इस्त्रीवाला, दुसऱ्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा आणि रस्त्यावरचा जो सापडेल तो. घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरवस्तीत तर जिना इमारतीचाही नाही, डोंगराचाच आहे. पायऱ्या-पायऱ्यांवर घरं. खालून मेट्रो जाते, वरच्या घरातल्या म्हातारीला मात्र सार्वजनिक संडासापर्यंत जायलाही हात धरणारं माणूस लागतं. तिथे पाळीवरची मावशी परवडत नाही. मावशी म्हणून दुसरीकडे जाणारी बाईच त्या वस्तीत राहते.

पुनर्विकासाने लिफ्ट मिळेल या आशेवर पुष्कळ सोसायट्या आहेत, आणि बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहत आहेतही. पण त्यातला एक धागा फार कमी बोलला जातो. तीन-चार वर्षं भाड्याच्या घरात काढायची असतात. पंचाहत्तरीच्या माणसाला एकट्याला घर द्यायला मालक कचरतो, "तुमच्यासोबत कोण राहणार?" असं विचारतो. जी शेजारीण लॅचची चावी ठेवायची, रोज सकाळी बेल मारून बघायची, ती कांदिवलीला गेली आणि आपण भांडुपला. चाळीस वर्षं जमलेलं माणसांचं जाळं एका करारनाम्याने विस्कटतं. नव्या टॉवरमध्ये परतल्यावर लिफ्ट असते, पण मजल्यावर अनोळखी दारं असतात. काही जण परततच नाहीत. इमारत पूर्ण होईपर्यंत त्यांचं आयुष्य पुरत नाही. पुनर्विकासाच्या करारात कॉर्पस, पार्किंग, कार्पेट एरिया यावर महिनोन् महिने घासाघीस होते. सत्तरीपुढच्या सभासदांना आहे त्याच वॉर्डात, शक्यतो एकमेकांच्या आसपास, तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीत संक्रमण घर मिळावं, ही अट कुठल्या करारात दिसत नाही. घालायला कुणाची हरकत नसावी.

आणि ती मावशी. नालासोपाऱ्याच्या चाळीत तिची एक खोली. मूळ गाव जव्हारकडचं, किंवा माणगाव, किंवा थेट मराठवाड्यातलं. नवऱ्याच्या कामाचा भरवसा नाही किंवा नवराच नाही. ती एखाद्या ब्यूरोमार्फत येते. घरवाले ब्यूरोला पैसे देतात, त्यातला काही भाग कापून तिला मिळतो. पगारी सुट्टी नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, आणि आजी गेल्या तर त्या दिवशीच नोकरी गेली. राज्याने 2008 मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, पण त्यात तिच्या कामाचं नेमकं रूप बसत नाही. नर्सिंग कौन्सिलच्या दप्तरी ती नर्स नाही. घरातल्यांच्या लेखी ती भांड्यावाल्या बाईहून थोडी वरची. प्रत्यक्षात ती नाकातली नळी सांभाळते, कॅथेटरची पिशवी रिकामी करते, इन्सुलिन टोचते, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांनी तिला शिवी दिली तर ऐकून घेऊन पुन्हा भात भरवते. हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. आधीच्या घरी बघून बघून ती शिकलेली असते, आणि त्या शिकण्यातल्या चुका कुणा ना कुणा म्हाताऱ्या शरीरावर झालेल्या असतात. देशात साठीपुढच्या सुमारे 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दिला. या माणसांना सांभाळणाऱ्यांच्या प्रशिक्षणाची सोय त्या मानाने नगण्य आहे.

बोरिवलीतल्या एका मावशीला विचारलं, तुमच्या आईला गावी कोण बघतं? "भावजय बघते," ती म्हणाली. "ती पण आता म्हणते, मला मुंबईला यायचंय कामाला." मग थोडं थांबून, "आली तर चांगलंच आहे, इकडं पैसा आहे. पण मग आईचं काय ते बघावं लागेल." न्यू जर्सीच्या मुलाची आई बोरिवलीत, बोरिवलीच्या मावशीची आई जव्हारला. साखळीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या त्या म्हातारीकडे कुणाचाच व्हिडिओ कॉल जात नाही.

लांबच्या मुलांचंही ऐकायला हवं. त्यांच्यावर लिहिताना आपल्याकडे नाटकी सूर लागतो. जयवंत दळवींचं 'संध्याछाया' सत्तरच्या दशकात रंगभूमीवर आलं, तेव्हा परदेशी मुलाची वाट पाहणारे आईवडील ही मोजक्या घरांची व्यथा होती, आणि त्या नाटकाने प्रेक्षागृहं रडवली. आज तीच अवस्था घरोघर आहे आणि मुलांजवळ रोज बोलण्याची साधनं आहेत. तरीही एक गोष्ट साधनांनी सुटत नाही. व्हिसावर असलेल्या मुलाला भारतात यायचं म्हणजे परत जाताना वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत शिक्का मिळेल की नाही ही टांगती तलवार. नोकरी, घराचं कर्ज, तिथे शाळेत जाणारी मुलं हे सगळं त्या एका शिक्क्यावर. मार्च 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय विमानं थांबली आणि ती नियमित सुरू व्हायला मार्च 2022 उजाडला. त्या काळात आईचे अंत्यसंस्कार फोनच्या पडद्यावर पाहिलेली मुलं आजही त्याबद्दल सलग बोलू शकत नाहीत. आईबाबांना तिकडे नेणंही सोपं नाही. सहा महिने नातवंडांसाठी राहायचं, बर्फ पडायला लागला की परतायचं. "तिथे सगळं आहे, पण गाडीशिवाय कोपऱ्यावर जाता येत नाही. इथे निदान खिडकीतून माणसं दिसतात," असं अंधेरीचे एक निवृत्त शिक्षक म्हणाले. ते आपल्या मुलावर रागावलेले नव्हते. रागावलेले आईबाप मला फार थोडे भेटले. बहुतेक जण मुलाची बाजू स्वतःच मांडतात, विचारायच्या आधीच.

सगळ्यात अवघड फोन येतो तो अतिदक्षता विभागातून. "व्हेंटिलेटर लावायचा का?" असं डॉक्टर विचारतात. समोर भाचा किंवा शेजारचे काका असतात, निर्णय शिकागोहून यायचा असतो, आणि लांबचा मुलगा अपराधीपणापोटी बहुधा सगळं करा असंच म्हणतो. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये जगण्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या उपचारांविषयी आधीच लेखी इच्छा नोंदवण्याला मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये तिची पद्धत बरीच सोपी केली. नोटरीसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही करून हे करता येतं. मुंबईतले डॉ. निखिल दातार यांनी याच्या अंमलबजावणीसाठी कोर्टात पाठपुरावा केला. घराची कागदपत्रं, नॉमिनेशन, लॉकरची चावी यांवर मुलाशी तासन् तास बोलणारे आईबाप या एका विषयावर गप्प असतात. तो विषय काढणं हीसुद्धा मुलावर केलेली माया आहे.

कायद्याचं काय? आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा 2007 मध्ये झाला. त्याखाली प्रांताधिकाऱ्यासमोरच्या न्यायाधिकरणात अर्ज करून महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह मागता येतो, मुलगा परदेशात असला तरी त्याला समन्स काढण्याची तरतूद आहे, आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर मुलाने सांभाळलं नाही तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. मुलीही यात येतात. खरं म्हणजे विवाहित मुलगीही आईवडिलांना पोसायला बांधील आहे हे सुप्रीम कोर्टाने 1987 मध्येच, कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या खटल्यात, सांगितलं होतं. ज्यांना मुलांनी घराबाहेर काढलं त्यांना या कायद्याने आधार दिला आहे, त्याची किंमत मी कमी करत नाही. पण दूर गेलेल्या मुलांच्या घरांत तो फारसा उपयोगी पडत नाही, कारण तिथे तंटा नाही. मुलगा पैसे पाठवतोच आहे. कायदा रुपये मिळवून देतो, कूस बदलायला माणूस देत नाही. ज्यांच्याकडे रुपयेही नाहीत त्यांच्यासाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे: महिना दीड हजार, तेही अगदी तुटपुंज्या वार्षिक उत्पन्नाच्या अटीवर. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतली किमान पेन्शन 2014 पासून हजार रुपयांवर आहे. बारा तासांच्या मावशीचे दोन दिवसांचे पैसेही त्यात सुटत नाहीत.

पालनपोषणाच्या कायद्याच्या 2010च्या राज्य नियमांत एक साधं कलम आहे. पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवावी आणि त्यांना नियमित भेट द्यावी. हे कलम ओशिवऱ्याच्या घटनेच्या सात वर्षं आधीचं आहे.

मग दुसरीकडे लोकांनी काय केलं? जपानने 2000 साली दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सक्तीचा केला. चाळिशी गाठलेला प्रत्येक जण हप्ता भरतो आणि म्हातारपणी घरी येणारी मदतनीस, दिवसाचं केंद्र, आंघोळीची सोय त्यातून मिळते. ते श्रीमंत राष्ट्र आहे असं म्हणून आपण सुटू. पण केरळ श्रीमंत नाही, आणि तिथली तरुण मुलं आपल्याहून कितीतरी आधी आखाती देशांत गेली. कोझिकोडला 1993 मध्ये वेदनाशामक सेवेचं काम सुरू झालं, नव्वदच्या दशकाच्या शेवटी मलप्पुरम आणि आसपास शेजाऱ्यांनीच गट करून अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जायला सुरुवात केली, आणि 2008 मध्ये राज्य सरकारने त्याचं धोरण केलं. आज तिथल्या पंचायतींतून प्रशिक्षित नर्स घरोघर जाते, सोबत गावातले स्वयंसेवक असतात. मुलगा दुबईत असल्याबद्दल तिथे कुणी रडत बसलं नाही. तो दुबईत आहे हे गृहीत धरून व्यवस्था उभी केली.

आपल्या उपनगरांत हे उभं करायला पाया आहे. ज्येष्ठ नागरिक संघ जवळपास प्रत्येक वस्तीत आहेत, फेस्कॉमसारखा त्यांचा राज्यव्यापी महासंघ आहे. मात्र संघांत येतात ती चालतीफिरती माणसं. सहली, वाढदिवस, व्याख्यानं होतात, आणि सभासदाचे गुडघे गेले की तो हळूहळू यादीतून नाहीसा होतो. साठ ते सत्तरीतल्या तब्येतीने ठणठणीत सभासदांनी पंच्याऐंशीच्या सभासदाच्या घरी आठवड्यातून एकदा जायचं, असा नेम एखाद्या संघाने धरला तर वर्षभरात त्या वस्तीचं चित्र पालटेल. 14567 ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, पण तो क्रमांक सोसायटीच्या फलकावर लावलेला दिसत नाही. पार्किंगचे दंड दिसतात.

महापालिकेने 2022 पासून वस्त्यावस्त्यांत 'आपला दवाखाना' सुरू केला. डॉक्टर आहे, औषधं आहेत, काही तपासण्या आहेत, चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ज्याला चालता येत नाही त्याच्यासाठी मात्र तो तेवढाच दूर आहे जेवढी न्यू जर्सी. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्यांना उत्पन्न न बघता कुटुंबामागे पाच लाखांचं आयुष्मान संरक्षण मिळालं, तेही रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरातल्या पडून असण्याला, रोजच्या शुश्रूषेला त्यातून काही नाही. म्हणजे बेडसोअर वाढून रक्तात विष भिनलं की सरकार खर्च करणार, पण टाचेला नुसतं लाल झालं असताना बघायला कुणी येणार नाही.

येता येत नाही असं मात्र नाही. 2024च्या लोकसभा निवडणुकीत 85 वर्षांवरच्या मतदारांना घरून मतदान करण्याची मुभा होती. ज्यांनी अर्ज केला त्यांच्या घरी निवडणूक कर्मचारी मतपत्रिका घेऊन, गुप्ततेची व्यवस्था करून गेले. लिफ्ट नसलेल्या इमारतींचे जिने ते चढले. यादी होती, पत्ते होते, माणसं होती. त्याच यादीने, त्याच जिन्याने महिन्यातून एकदा 'आपला दवाखान्या'तली नर्स वर यावी. रक्तदाब आणि साखर बघावी, औषधांचा डबा उघडून दोनदा चाललेली गोळी बंद करावी, टाचा आणि माकडहाड तपासावं, आणि निघण्याआधी दहा मिनिटं मावशीशी बोलावं: कूस कशी बदलायची, नळीतून भरवताना डोकं किती उंच ठेवायचं, तिची स्वतःची कंबर कधीपासून दुखते आहे. मुंबई महापालिकेच्या अंदाजपत्रकात या नर्सच्या पगारासाठी एक ओळ हवी आहे. नगरसेवक मतं मागायला आले की हीच ओळ त्यांच्याकडे मागायची.